उजाडू दे, मग पळ

४ जानेवारी, रविवार
पोचले एकदाची! अहमदपूरची गाडी सकाळी भोसरीला उतरवून गेली, तिथून रिक्षाने दिघी. खोली फोटोपेक्षा छान आहे. वरच्या मजल्यावर, मोरी-संडास वरच, मागच्या खिडकीला लागून एका वर्कशॉपची पत्र्याची शेड. खाली घरमालकीण शालनबाई एकट्याच राहतात. इथल्याच जुन्या गावकरी. मी मावशी म्हणायला लागले तर खूश झाल्या. भाकरी आणि घेवड्याची भाजी पोटभर वाढली.

उद्यापासून चाकणची कंपनी, वायरिंगच्या लाइनवर. बस सहा चाळीसला चौकात येते, म्हणजे पोलीस भरतीचा सराव त्याआधीच उरकायचा. मैदानी चाचणी तेवीस तारखेला आहे. लष्कराच्या भिंतीलगतचा रस्ता सपाट, सरळ, आठशे मीटरला एक नंबर. पाच वाजता पळणार म्हटल्यावर मावशींचा हात ताटातच थांबला. आंधारात कशाला, उजाडू दे, मग पळ, म्हणाल्या. मी बसची वेळ सांगितली.

६ जानेवारी
सकाळी दाराला माझंच जॅकेट टांगलेलं. मावशींनी पाठीवर, बाह्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या शिवल्या होत्या. सोबत टॉर्च, शिट्टी आणि सूचना: समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळ, कानात काही घालू नको, रोज एकाच रस्त्याने जाऊ नको. सगळ्या पटल्या.

संध्याकाळी शेजारच्या जाईबाईंनी कारण सांगितलं. मावशींची नेहा अशीच भरतीसाठी पळायची. तीन वर्षांपूर्वी पहाटे कंटेनरने उडवली. काळे कपडे होते, ड्रायव्हरला दिसलीच नाही. मला भरून आलं. पट्ट्यांवरून हात फिरवत बसले.

९ जानेवारी
आज मागे एक स्कूटर होती. लाइट बंद. मी पळाले की आवाज यायचा, थांबले की तोही बंद. टॉर्च मारला तर हेल्मेटची काच तेवढी चमकली. जोरात शिट्टी वाजवली तेव्हा वळून गेली. घरी येऊन मावशींना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. जाऊ नको, एवढंच म्हणाल्या.

११ जानेवारी, रविवार
रस्ता बदलला, वेळ बदलली, कुणालाही सांगितलं नाही. तरी ती होतीच. या वेळी थांबली नाही. अगदी अंगावर आली, आरसा कोपराला लागला आणि मी खडीवर आपटले. गुडघा सोलला. पट्ट्या, शिट्टी, टॉर्च, सगळं होतं माझ्याजवळ.

मावशींनी जखम धुतली, हळद भरली, फुंकर घातली. आईसुद्धा इतक्या मायेने करणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता तरी पटलं का न्हाई?”

१३ जानेवारी
गुडघा दुखतोय, पळवेना. अर्ध्या वाटेवरून परत आले तर जिन्याखाली मावशींची स्कूटर, एरवी झाकलेली असते ती. हात लावला. इंजिन गरम होतं.

सरळ विचारलं. नाही म्हणाल्या नाहीत. रडायला लागल्या. “व्हय, म्याच हुते. दुसऱ्या कुनी उडवायच्या आधी म्या जरा भ्या दाखवलं. तुजं वाईट चिंतलं का?” कंपनीतली तनुजा आकुर्डीला राहते, तिच्या खोलीत जागा आहे. रविवारी जाते. मावशींना सांगून टाकलं. मान हलवली त्यांनी. वरच्या खोलीचा बोर्ड बिघडलाय म्हणून माझा फोन त्यांनीच खाली नेऊन चार्जिंगला लावला.

१५ जानेवारी
जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार आहे. इतके दिवस उघडंच असायचं. आज पहाटे कुलूप. हाका मारल्या. खालून आवाज आला, उजाडू दे. उजाडलं. बस गेली. दुपार झाली. जाळीखालून ताट सरकवलं. फोन मागितला. नंतर देते म्हणाल्या.

१७ जानेवारी
कुलूप तसंच.
बाबांना कळवलंय, ओव्हरटाइम चालू आहे, बोलायला वेळ नाही. कंपनीत कळवलंय, मी गावी गेले. हे सगळं मावशीच सांगतात, ताट सरकवताना, शांतपणे.
आज तनुजा आली होती. खालून तिचा आवाज ओळखला. घसा फाटेस्तोवर ओरडले. मागच्या शेडमधलं पत्रे ठोकायचं प्रेस मशीन चालू होतं. दणक्यामागून दणका. तनुजाची गाडी सुरू झाली. गेली ती.

२० जानेवारी
खिडकीचा एक गज गंजलाय. चमच्याने खालचं सिमेंट उकरतेय. मशीन चालू असतं तेव्हाच. बोटं फाटली.
आज चुकले. राग आवरला नाही. जाळीपाशी जाऊन म्हटलं, किती दिवस कोंडाल? पाय माझे आहेत, तेवीसला मी पळणारच.
मावशी माझ्या पायांकडे बघत राहिल्या. खूप वेळ.

२१ जानेवारी
गज हलतो. एका बाजूने सुटला. अजून एक दिवस—
ताट आलं नाही आज. खाली पाटा ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही.

२२ जानेवारी
सकाळचे नऊ असतील. लख्ख ऊन. शेडला सुट्टी वाटतं, मशीन बंद. गज ओढला की कर्रकन वाजतो, म्हणून थांबले—
कुलूप. उघडतायत.
मावशी आत आल्यात. जाळी आतून लावली, किल्ली पदराला बांधली. हातात वरवंटा, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. लागू नये म्हणून गुंडाळला म्हणतात. खाऊ म्या घालीन, न्हाऊ म्या घालीन, जल्मभर बघीन, म्हणतात. रागावलेल्या नाहीत. डोळे पुसतायत.
ओरडले. जाईबाईंना हाक मारली. अजून हाका मारतेय. लिहितेय, कुणाला तरी सापडू दे, माझं नाव विजयश्री—
खाली बसल्या माझ्यापुढे. घोट्यावर हात ठेवलाय. ऊबदार हात. म्हणतात, डोळं मीट पोरी, आन् पाय जरा फुडं—