विहीणबाईंची चूक काढायची कशी?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या सगळं वाकूनच चाललंय). तुझा गुडघा काय म्हणतो? दाजी कानाचं यंत्र लावतात, की तुझ्यापासून बचाव म्हणून अजून खिशातच ठेवतात? इकडे सगळं ठीक, म्हणजे माझं सोडून.

ऑफिसने मला प्रोग्रॅमिंगच्या संध्याकाळच्या वर्गाला घातलंय, हे तुला ठाऊकच आहे. नापास झालो तर रवानगी गोदामात, आणि तिथे बसायला खुर्चीसुद्धा नाही. शिकवायला एक पोरसवदा बाई आहेत, पण त्या शिकवत नाहीत. म्हणाल्या, जोडीजोडीने बसा आणि एकमेकांना शिकवा. (मग आपण कशाला येता, असं विचारणार होतो. राहिलं.) जोडीला एकच कॉम्प्युटर. टाइप करतो तो चालक, शेजारी बसून सांगतो तो वाटाड्या. चूक दिसली की तिथल्या तिथे तोंडावर सांगायची, हा मुख्य नियम. आता माझं नशीब बघ. शेजारच्या बाकावर कोण, तर तू आणलेल्या स्थळाची आई! त्यांनाही त्यांच्या ऑफिसने धाडलेलं. मी बावळटासारखा उठून म्हणालो, या आमच्या होणाऱ्या विहीणबाई. बाई खूश झाल्या. घरचीच माणसं म्हणजे मोकळेपणाने बोलाल, असं म्हणून त्यांनी आम्हाला एकत्र बसवलं.

ताई, मुलीच्या बापाने होणाऱ्या विहिणीची चूक काढायची कशी? पहिला प्रोग्रॅम अगदी साधा होता. एकपासून दहापर्यंत मोजायचं आणि थांबायचं. विहीणबाई वाटाड्या. त्यांनी सांगितलं, आकडा शून्यापेक्षा मोठा असेपर्यंत मोजत राहा. माझ्या लगेच लक्षात आलं, की पुढचा प्रत्येक आकडा शून्यापेक्षा मोठाच, म्हणजे हे जन्मात थांबणार नाही. पण पोरीच्या लग्नाचा प्रश्न. जसंच्या तसं टाइप केलं, वर ‘छान सुचलं हो तुम्हाला’ असंही म्हणालो. मशीन हजारात गेलं, लाखात गेलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघून कौतुकाने हसतोय. मग जागा बदलल्या. मी गोंधळून भलतंच काहीतरी सांगितलं, तेही त्यांनी मान डोलावून लिहिलं. शेवटी बाईंनी येऊन मशीन बंद केलं आणि विचारलं, तुमच्यात एकदा तरी भांडण झालं का? आम्ही एका सुरात म्हणालो, ‘छे छे!’ शेरा मिळाला: सहकार्य उत्तम, काम शून्य.

दाजींना (यंत्र लावलेलं असेल तर) नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट बंद करणार तोच पोरीने सांगितलं, की तिने आणि त्या मुलाने आपसांत बोलून लग्न मोडलं. ती मजेत आहे. मला मात्र फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पाकीट तसंच पडून राहिलं. पुढच्या वर्गाला मान खाली घालून टाइप करत होतो, तर शेजारून आवाज आला, ‘अहो, डोळे आहेत की बटणं? कंस कोण बंद करणार?’ मीही म्हणालो, ‘आधी तुम्ही धड सांगा!’ तास संपेपर्यंत कडाकडा भांडलो. प्रोग्रॅम दहावर थांबला.

आणखी एक. मोडलेलं जुळवायला तू निघाली आहेस असं कळलं. जरूर ये, पण परीक्षा झाल्यावर. आत्ता जुळलं, तर आम्ही दोघंही नापास होऊ.