भाकड म्हशीचा भागाकार

१८ मार्च २०१३

अखंडवीजप्रतीक्षाव्रती, संगणकशास्त्रपारंगत, दुग्धगणितमार्तंड, चौसाळ्याजवळील आमच्या दूध संस्थेच्या संगणक विभागाचे सर्वाधिकारी (आणि एकमेव कर्मचारी) श्रीमान त्रिंबकराव, म्हणजे अस्मादिक, आज भर रांगेसमोर पराभूत झाले!

'सी' भाषेतला दूधनोंदणीचा प्रोग्राम चालता चालता गतप्राण झाला. पडद्यावर दोनच शब्द — सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे स्मृतीच्या हद्दीबाहेर पाऊल. पुन्हा सुरू केला, चालला. ज्याने तो लिहिला ते गृहस्थ पुण्यास गेले. वारसाहक्काने तो मजकडे आला. दोष हुडकणारा डीबगर म्हणतो, देहपात फॅटनुसार दर काढणाऱ्या दरपत्रकाच्या ओळीवर. ती ओळ तपासली. गंगाजलवत् निर्मळ!

२० मार्च

पुनश्च मृत्यू. माप घेणारा बंकट म्हणाला, "साहेब, तुळजाबाई आल्या की मरतंय हे. मी पारखलंय." रांगेतून कुणी पुटपुटले, "पांढऱ्या पायाची हाय." आम्ही विज्ञाननिष्ठ. असल्या अंधश्रद्धेकडे पाहणेही त्याज्य — म्हणून पाहिले नाही.

घरी प्रोग्रामला दहा लिटर पाजले, हजार पाजले, फॅट चढवले, उतरवले. ठणठणीत!

२१ मार्च

वीज नाही. चहा आहे, त्यातले दूध सूक्ष्मदर्शकानेच दिसावे.

२२ मार्च

जागोजागी "येथवर पोहोचलो" असे छापणाऱ्या ओळी घातल्या. आज एकदाही मेला नाही! नुसत्या उच्चाराने बरी होणारी व्याधी! विजयोत्सवाच्या तयारीत होतो, तोच कळले — अध्यक्ष अर्जुनरावांनी तुळजाबाईंना फाटकावरच अडवले होते. "मशीन नीट होईस्तोवर येऊ नका, बाई."

आणि संस्थेचा नियम असा: ज्याची रोज नोंद नाही, त्याला सवलतीची पेंड नाही. या दुष्काळात पेंड नाही म्हणजे म्हैस नाही. बाईंची म्हैस एकच.

बाई फाटकातून म्हणाल्या, "माझ्या पायानं बंद पडतंय व्हय? मग पायतान काढून ठिवते की भाईर!" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

२३ मार्च

अर्जुनरावांस विनविले — निदान करायचे तर रोग समोर हवा; बाईंना येऊ द्या.

"उद्या एक दिवस, त्रिंबकराव. न्हाई सापडलं तर बाईचं नाव कटलं. रांग खोळंबून दूध नासतंय, ते काय तुमी पिनार?"

(चहात मिळाले तर अवश्य पिईन.)

२४ मार्च

सापडला! तुळजाबाईंच्या शेजारीच उभा राहिलो. त्यांनी मापात किटली उपडी केली. काहीही पडले नाही. बंकटने निर्विकारपणे टंकले — शून्य लिटर.

"हे काय?"

"हजेरी," बाई म्हणाल्या. "म्हस गाभण हाय, आटली. पर येनं सोडलं तर पेंड जाती न्हवं?"

आणि प्रोग्राम मेला.

सरासरी फॅट म्हणजे एकूण फॅट भागिले लिटर; येथे शून्य भागिले शून्य! 'सी' भाषा दशांशातल्या या पातकावर आरडाओरड करीत नाही. 'संख्या नव्हे' नावाचे एक पिशाच मुकाट्याने हाती देते. ते घेऊन प्रोग्राम दरपत्रकात आपली ओळ धुंडाळतो, पत्रकाच्या सीमेबाहेर भरकटतो आणि तेथे मरतो. घरी हे कसे दिसावे? आमच्या कल्पनेतल्या यच्चयावत म्हशी दुभत्या!

एक ओळ लिहिली — लिटर शून्य असल्यास भागू नये. बंकटने पुन्हा शून्य टंकले. कर्र कर्र करीत पावती निघाली: शून्य रुपये. बाईंनी ती पदराला बांधली.

"आता पायतान घालू का, अर्जुनराव?"

अध्यक्ष छताचे निरीक्षण करू लागले.

हाच भागाकार अख्ख्या संस्थेच्या सरासरीतही आहे. पण साऱ्या संस्थेचे दूध शून्य कधी होणार? सोडला.

२५ मार्च

एकदाही मेला नाही. अभिनंदनही कोणी केले नाही.

६ मे

उरलीसुरली जनावरे आटली. आज रांगेत साऱ्याच किटल्या रिकाम्या. अर्जुनरावांचीही! शून्य, शून्य, शून्य. तो सोडलेला भागाकार आठवला — शून्य भागिले शून्य, यावेळी अख्ख्या संस्थेचे!

तोच तुळजाबाई आल्या. म्हैस व्याली होती. चीक संपून आज पहिले दूध. मापात धार पडली, बंकटने आकडा टंकला. संस्थेची सरासरी निघाली — ती बाईंचीच.

चहा मात्र कोरा. थेंबभर मागितले तर बंकट म्हणतो, "सगळ्या संस्थेचं दूध हाय ते, साहेब. हात लावू नका!" दूध संस्थेत कोरा चहा! आणि साखरही कमीच.