दांडीवरचा शेंदूर

कुसुमचे बापू,

नमस्कार नंतर. आधी मला सांगा, पाच वर्षांत एकदा तरी गिरणीच्या इंजिनाचं ते हँडल माझ्या हातात द्यावं असं तुम्हाला का वाटलं न्हाई? 'तू डबे बघ, इंजिन माझं' म्हणत ऱ्हायलात आणि एका दुपारी निघून गेलात. तीन महिने झाले, गिरणी मी चालवते. खांदे उतरलेत माझे. चालू करावं, जरा हळू करावं, की मेलंच. परत हँडल. परत हळू, परत मेलं. दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. "काय गं गोदाबाई, बोट बुडाली का?" म्हणतात. तुमच्यापुढं कुणाची अशी जीभ उचलली होती का?

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. हळू केलं की ते इंजिन का मरतं, ते मला परवा सापडलं. हे जिवंत माणसापाशी बोलायची सोय न्हाई. दुसरीतून उठवलेली बाई मी. डब्यांवर खडूनं नावं लिहायला तुम्ही शिकवलंत, तेवढंच माझं अक्षर. त्यात भागवून घ्या.

येडशीच्या स्टेशनावर ते इंजिन उतरलं तो दिवस आठवतो का? बंदरावर मोडीत काढलेल्या बोटीतलं इंजिन. गाडीला चार बैल जुंपून गावात आणलंत. समुद्र कुणी बघितला होता गावात? म्हाताऱ्या शेवंताबाईनं त्याला हात लावला, तो जिभेला लावला आणि म्हणाली, "व्हय गं, खारट लागतंय!" किती हसला होतात तुम्ही! रझाकारांच्या धामधुमीत आपण बार्शीकडं पळालो, तिथं कापसाच्या जिनात इंजिनापाशी वरीसभर काढलंत, तेवढीच तुमची शाळा. पण त्या दिवशी चालत होतात ते जसे काही बोटीचे मालकच!

आणि पहिल्या वर्षी किती हळू चालायचं ते! एकेक धाप मोजून घ्यावी. त्या मंद चालीवर तुम्ही काठीनं पट्टा पुलीवर सरकवायचात, पट्टा बसला की मग वेग वाढवायचात. इंजिन विकणाऱ्यानं तुम्हाला बजावलं होतं, धक्क्याला लागताना बोटीचं इंजिन हळू चाललं पाहिजे, तिथं जे बंद पडतं ते माणसं बुडवतं. कुसुमला मांडीवर घेऊन हे दहादा सांगितलंत. मग स्वतःच कसं विसरलात?

विसरला न्हाईत, मला ठाऊक आहे. त्या दुपारी मी तिथंच होते. कळंबच्या बाजाराचा दिवस, दाराबाहेरपर्यंत डब्यांची रांग. पट्टा घसरून पडला. तुम्ही इंजिन हळू केलं, ते मेलं. हँडल मारून परत चालू केलं, हळू केलं, परत मेलं. सदरा घामानं पाठीला चिकटला होता तुमचा. बायका कुरकुरायला लागल्या. आणि मी काय म्हणाले? "उरका की! का दिवस घालवताय?"

तिसऱ्यांदा तुम्ही ते हळू केलंच न्हाई. भर वेगात पट्टा लावायला गेलात आणि पट्ट्यानं सदऱ्याची बाही धरली.

त्या दिवशीचं पीठ मी कुणाला दिलं न्हाई. डब्यांसकट ओढ्याच्या कडंला पुरलं.

दहाव्याला कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं. तुमच्या भावानं कबुल्यांवर कबुल्या दिल्या, कुसुमचं लग्न लावतो म्हणाला, वहिनीला अंतर देणार न्हाई म्हणाला. कावळा झाडावरून हलंना. मी मनात म्हणाले, गिरणी चालू ठेवते. तरी न्हाई. शेवटी कंटाळून भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. काय अडकलं होतं तुमचं? त्या वेळी कळलं न्हाई. आता वाटतं, कळलं.

तुमचा भाऊ म्हणतो, "वहिनी, हे मारकं इंजिन आहे. दसरा झाला की भंगारवाल्याला बोलावतो." मी म्हणाले, "भावजी, मारका बैल असतो, लोखंड नसतं. मग खायचं काय? तुमच्या चुलीपुढं बसू?" जाऊबाई आत भांडी जोरात आपटायला लागल्या.

मग कळंबहून मिस्त्री आणला. त्यानं डिझेल गाळलं. नळीतली हवा काढली. नोझल धुतला, हळू चालीचा स्क्रू पिळला. हळू केलं, मेलं. एका बारक्या दांडीकडं बोट दाखवून म्हणाला, "वैनी, वेग पडला की ही दांडी आपसूक सरकून डिझेल वाढवती. पर हितं देवाचं लावलंय, म्या हात लावत न्हाय." हात जोडून बाजूला झाला. जाताना सांगून गेला, "जुनी चीज हाय, हळू करूच नका. तेजच चालवा."

"तेजच चालवून ते गेले," मी म्हणाले. तो मान खाली घालून येष्टीला गेला.

परवा सकाळी परत मरायला लागलं तेव्हा माझा संताप झाला. ती दांडी अंगठ्यानं ढकलली. इंजिनानं धाप धरली! अंगठा काढला, मरायला लागलं. ढकललं, जगलं. अहो, माझ्या अंगठ्यावर ते जगत होतं! दांडी जखडली होती, तिला हलताच येत न्हवतं. मग इंजिन बंद केलं, रॉकेलचा बोळा घेतला आणि घासायला बसले. वर पीठ. पिठाखाली तेलात कालवलेला शेंदूर. त्याखाली पीठ, त्याखाली परत शेंदूर. पाच खंडेनवम्यांचे थर, दगडासारखे. लिंबाएवढी ढेप हातात आली.

मग हँडल मारलं आणि हळू केलं. चाललं. पहिल्या वर्षासारखं चाललं. दुपारपर्यंत चालू ठेवलं मी, एक दाणा न दळता. समोर बसून ऐकत होते.

तो शेंदूर कुणी लावला? मी. ती दांडी मला हातासारखी दिसायची. देवाचा उजवा हात. म्हणून बाकी इंजिनाला एक टिकली, आणि तिथं मूठभर.

आता खरं विचारायचं ते विचारते. गेल्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चाकू घेऊन त्या दांडीवरचा शेंदूर खरवडत होतात. मी दारात आले आणि काय बोलले ते साऱ्या आळीनं ऐकलं. "सवाष्णीच्या हातचा शेंदूर खरवडताय? मला रांडव करायचंय का?" तुम्ही चाकू मिटला. "बघू," म्हणालात आणि बाहेर निघून गेलात. परत त्या दांडीला हात लावला न्हाईत.

तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, हो? का नुसतं पुसत होतात?

ठाऊक होतं तर बोलला का न्हाईत? 'गोदे, ह्यानंच ते मरतंय' एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? माझ्या तोंडाला भिऊन गप्प बसलात? इंजिनाला भ्याला न्हाईत, पट्ट्याला भ्याला न्हाईत, आणि मला भ्यालात? एवढी का मी वाईट होते? जन्मभर काहीही विचारलं की 'बघू'. पोरीची शाळा, 'बघू'. छपराचा पत्रा, 'बघू'. काय बघितलंत शेवटी?

आणि ठाऊक नसेल तर ही माझ्या एकटीची करणी. ती मी एकटी वाहीन. पण कुठलं वाहायचं ते कळू द्या. दोन्ही एकदम उचलत न्हाईत.

मी शेंदूर काढला हे जाऊबाईंनी बघितलं. "कुंकू पुसलं तरी हिची खोड गेली न्हाई, देवाचा शेंदूर काढती," असं पाणवठ्यावर सांगत सुटल्या आहेत. मला आता पूजा करता येत न्हाई, म्हणून नवमीला सकाळी त्या वाटी घेऊन येणार. इंजिन शांत करायला म्हणे! मी दारात आडवी होणार. त्या विचारतील, का? तेव्हा चारचौघांत काय सांगू? मी मारलं म्हणू, का आपण दोघांनी मिळून मारलं म्हणू? लबाड बोलायची न्हाई मी, तुम्हाला माझं तोंड ठाऊक आहे.

उत्तर काहीही येवो, एवढं कबूल करते. त्या दांडीला ह्यापुढं रंगाचा ठिपका लागणार न्हाई. दर शनिवारी रॉकेलनं पुसीन. पट्टा लावायचा तर इंजिन हळू करून, नायतर बंद करून. रांग ओढ्यापर्यंत गेली तरी चालंल. आणि 'उरका' हा शब्द ह्या गिरणीत कुणाच्या तोंडून निघाला तर त्याचा डबा बाहेर ठेवीन. माझ्या तोंडून निघाला तर त्या दिवशी गिरणी बंद.

नवमी चार दिवसांवर आली. कावळ्याकडून निरोप नको, त्याच्यावर माझा भरवसा ऱ्हायला न्हाई. सपनात या, न्हाईतर इंजिनापाशी या. मी रोज उजाडायच्या आधी तिथं जाऊन ते हळू चालवून बसते. नवमीचं ऊन दारात यायच्या आत मला उत्तर पाहिजे. व्हय का न्हाई, एवढंच.

'बघू' म्हणू नका.

तुमचीच,
गोदावरी