दुसरी बाटली

अण्णा,

गेल्या महिन्यात आपल्या बरकतपुऱ्याच्या घरात डाळ शिजली नाही. सव्वा तास उलटला, भांड्याच्या कडेला पांढरा थर चढला, तरी दाणा बोटाखाली टणकच. तुम्ही असता तर स्टोव्हपाशी पाट ओढून बसला असता आणि डाळ उतरेपर्यंत कुणाला बोलू दिलं नसतं. आता स्टोव्ह गेला, पाट गेला, गॅसची शेगडी आली, आणि ओट्यापाशी उभं राहून माझे गुडघे दुखतात. पण त्या सव्वा तासात मला तुमची जितकी आठवण आली तितकी तुम्ही गेल्याच्या वर्षीही आली नव्हती. एकोणतीस वर्षं झाली त्याला. मला वाटत होतं, माझं रडून झालंय.

पाणी आपल्या नळाचं नव्हतं. माझ्याबरोबर शाळेत तेलुगू शिकवायची अशी एक मैत्रीण आहे, तिचं माहेर गोदावरीकाठचं. तिकडे एका कंपनीने गॅससाठी दोन विहिरी पाडल्यात. तुम्ही मोजायचात तसल्या नव्हेत. मैलभराहून खोल भोक पाडायचं, त्यात वाळू आणि रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने सोडायचं, खालचा खडक तडकवायचा आणि त्यातला गॅस वर ओढायचा. त्यानंतर गावच्या पाण्याची चव बदलली, असं गावकरी म्हणतात. कंपनीला आता आणखी दहा विहिरी पाडायच्या आहेत आणि गाव त्याला आडवं आलंय. पुढे बायका आहेत. त्यातल्या चौघी पाण्याचा कॅन घेऊन इथल्या सरकारी कचेरीत हरकत द्यायला आल्या होत्या. तिथल्या साहेबाने चहा पाजला आणि विचारलं, आधी पाणी चांगलं होतं याला पुरावा काय? कंपनी तर म्हणते, तुमचं पाणी पहिल्यापासून जडच. जुने कागद? कचेरीची जागा बदलली तेव्हा कुठल्या गठ्ठ्यात गेले कोण जाणे. मैत्रीण त्या चौघींना जेवायला माझ्याकडे घेऊन आली. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, जिने गाडीत कॅन मांडीवरून खाली ठेवला नव्हता, ती मला म्हणाली, "पप्पु उडकट्लेदु अम्मा." डाळ शिजत नाही. खोटं वाटत असेल तर चढवून बघ. म्हणून मी चढवली. मग सहज गावाचं नाव विचारलं आणि माझ्या हातातली पळी तशीच राहिली. ते नाव मी माझ्या हाताने लिहिलं होतं, अकरा वर्षांची असताना, तुमच्या वहीत.

तुमचं खातं विहिरींचं. गावोगाव फिरून पाण्याच्या बाटल्या भरायच्या, नंबर घालायचा आणि प्रयोगशाळेत पोचवायच्या. पण प्रयोगशाळेच्या आकड्यांवर तुमचा अर्धाच विश्वास. बाईला विचारा पाणी कसं आहे, म्हणायचात, ती आकडा नाही सांगणार, डाळ शिजते का ते सांगेल. म्हणून प्रत्येक गावची एक जादा बाटली घरी यायची. बेगम बाजारातल्या त्या एकाच दुकानची तूरडाळ, एकच वाटी, एकच पितळी पातेलं. हळद नाही, तेलाचा थेंब नाही, भिजवायची नाही. दाणा बोटाने मोडेपर्यंत किती मिनिटं लागली ते वहीत. आई वैतागायची, म्हणायची, लोकांच्या घरी नवरे साड्या आणतात, आमच्याकडे विहिरी येतात. पण संध्याकाळी त्याच डाळीचं वरण व्हायचं, आणि आज कुठल्या गावचं जेवतोय ते तुम्ही पानावर बसल्यावर सांगायचात. मी न पाहिलेल्या कितीतरी गावांचं वरण खाल्लंय, अण्णा. त्यानंतर तसं वरण कुठे मिळालं नाही, आणि मला स्वतःला तर ते कधीच जमलं नाही.

घड्याळ बघायचं काम माझ्याकडे होतं. त्याचा मला मान वाटायचा आणि कंटाळाही यायचा. एकदा मी एका बाटलीचं पाणी पाटी धुवायला वापरलं, तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं बोललात. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलंत, "त्या विहिरीपर्यंत तू चालत गेली होतीस का?" मी मान खाली घातली. बस थांबते तिथून पुढे तुम्ही पायी जायचात, चार-चार मैल, खांद्यावर बाटल्यांची पेटी, हे मला माहीत होतं. दोन दिवस मी तुमच्यासमोर आले नाही. पुढे जे केलं ते त्या धाकापोटीच केलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला ढोल ऐकू आले म्हणून केलं.

आषाढातला रविवार होता. आई मावशीला पोचवायला काचीगुड्याच्या स्टेशनावर गेलेली, तुम्ही दौऱ्यावरून येऊन आत झोपलेले. मी स्टोव्हपाशी. गल्लीच्या तोंडाशी देवीच्या बोनालूची मिरवणूक आली. डोक्यावर घट घेतलेल्या बायका, कडुलिंबाचे डहाळे, आणि पुढे हळद फासून आसूड फिरवत नाचणारा पोतराज. एक मिनिट बघून येते म्हणून गेले ती मिरवणूक कोपऱ्यावरून वळेपर्यंत. परत आले तेव्हा डाळ मऊ झाली होती, कधी झाली देव जाणे. बऱ्याच गावांपुढे चाळिसाच्या आसपासचे आकडे होते. मी चाळीस लिहिलं. तुम्ही उठलात, वही पाहिलीत, काही बोलला नाहीत. मी सुटले असं मला वाटलं आणि रात्री दोनदा भात घेतला.

तर त्या चौघी गेल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. वही होती. वाळवीने कोपरे खाल्लेत, मधली पानं शाबूत. गावाचं नाव, बाटलीचा नंबर, तारीख, आणि माझ्या गोल-गोल अक्षरातलं चाळीस. त्याखाली तुमच्या हातच्या उर्दूतल्या अडीच ओळी. तुमचं शिक्षण निजामाच्या अमलातलं. हिशेब मराठीत, अर्ज इंग्रजीत आणि मनातलं उर्दूत, असा तुमचा खाक्या. मला रविवारी शिकवायला बसायचात. माझ्या परीक्षेत नाहीये, म्हणून मी उठून जायचे. आता त्या अडीच ओळी समोर होत्या आणि मी त्या नुसत्या चाचपत होते. तुम्ही तिथे काय लिहिलं असणार याची मला भीती वाटली. गावाचा एकुलता एक पुरावा आणि तो माझ्या थापेचा.

दुसऱ्या दिवशी बेगम बाजारात गेले. डाळीचं दुकान आहे अजून. तेव्हाचे तरुण शेठ आता पंच्याऐंशीच्या पुढचे, गल्ल्यावर नातू बसतो, ते बाजूला गादीवर. उर्दू शाळेतलेच. मी कुणाची मुलगी ते सांगितलं, तर म्हणाले, हौ, वो पानीवाले साब, हर बार एकीच डाल, भाव कभी नै पूछे. ऐनक शोधली, वही डोळ्यांपाशी धरली आणि बाजाराच्या गोंगाटात सावकाश वाचलं: "लड़की ने घड़ी नहीं देखी। दूसरी बोतल लाया। ख़ुद पकाया, अड़तीस मिनट। लड़की से कुछ न कहा जाए।"

मी पोत्यावर बसले. शेठनी पाणी मागवलं.

मला ती दुपार आठवली, अण्णा. शाळेतून आले तर तुम्ही कामाच्या दिवशी घरी, बनियनवर, स्टोव्हपाशी, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं. पायाला छाले आलेले. मी विचारलं, आज कचेरी नाही? भूक लागली, म्हणालात. मग मला वाढलंत, वरण-भात, लिंबू, आणि मी जेवत असताना बघत बसलात. मला वाटलं तुम्हाला बरं नाहीये. माझ्या एका मिनिटापायी तुम्ही परत त्या गावाला गेला होतात, बसमधून, मग पायी. दहावीला तुम्ही ते घड्याळ मला दिलंत, तेव्हा मी पट्टा मोठा होतो म्हणून कुरकूर केली. तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात. एकदा रागावला असतात तरी चाललं असतं. तुमचा राग मला पुरला असता. हे गप्प राहणं पन्नास वर्षांनी अंगावर येतंय आणि समोर तुम्ही नाही.

सुनावणी गावच्या शाळेच्या मैदानात, मांडवाखाली झाली. मी गेले. बस आता गावापर्यंत जाते. कंपनीचा माणूस शिकलेला, गोड बोलणारा. त्याने मला विचारलं, बाई, तुमच्या घरी गॅस नाही का? आहे, म्हटलं, त्याच्यावरच तुमची डाळ शिजली नाही. मैत्रिणीने ते तेलुगूत सांगितलं, लोक हसले, पण त्याचा प्रश्न मला लागला. अजूनही लागलेला आहे. मग मी वही वाचली. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, हे चाळीस तर कुणा लहान मुलाने लिहिलंय. इथे मला पळवाट होती. नुसतं अडतीस वाचून खाली बसता आलं असतं. ती म्हातारी पहिल्या रांगेत कॅन घेऊन बसली होती.

"मीच लिहिलंय," मी म्हणाले, "आणि ते खोटं आहे. मी घड्याळ पाहिलं नव्हतं. खालचं खरं आहे, त्यासाठी माझे वडील तुमच्या या गावात दुसऱ्यांदा चालत आले होते."

मैत्रिणीने तेलुगूत सांगितलं तेव्हा म्हातारी उठली, म्हणाली, एक पाण्याचा माणूस दोनदा आला होता खरा. दुसऱ्या खेपेला त्याने माझ्या सासूकडे पायाला लावायला तेल मागितलं होतं. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबाने ते लिहून घेतलं. बाटलीचा नंबरही लिहून घेतला, आणि त्या नंबरावरून प्रयोगशाळेचं जुनं रजिस्टर शोधायला सांगितलं. ते सापडून पाण्याची नव्याने तपासणी होईपर्यंत नवी विहीर नाही. जिंकलो असं कुणी म्हणत नाही. कंपनीचे वकील आहेत, आणि आमच्याकडे वाळवी लागलेली वही. पण मी परत निघताना म्हातारीने माझा हात दाबला, आणि तुमचे पाय जिथे दुखले त्या वाटेवर मी थोडी चालले. लांब नाही. गुडघे.

हे पत्र वहीतच ठेवणार आहे, त्या पानापाशी. आणखी एक सांगायचं राहिलं. त्या अडीच ओळी मला आता तोंडपाठ आहेत. तरी त्यानंतर दोनदा मी बेगम बाजारात गेले, डाळ घेतली, आणि शेठना म्हटलं, काय लिहिलंय ते विसरले, जरा पुन्हा वाचून दाखवता? ते वाचतात तेव्हा तुम्ही रविवारी शिकवताना थांबायचात तसेच मधे थांबतात. पुन्हा खोटं बोलले, अण्णा. येत्या सोमवारीही जाणार आहे.