अर्नफिनचे अकरा प्रश्न

हाउगेसुंड, २३ मे

प्रिय सिन्ने,

हाताने लिहितेय, तेव्हा अक्षर लावत बसावं लागेल तुला. फोनवर लिहायला घेतलं होतं, पण तीन वेळा लिहून तीन वेळा पुसलं. फोनवर मी दोन ओळींत नर्स होते, सूचना देते आणि संपवते. आज शनिवार आहे, क्लिनिकला सुट्टी. कॉफीचा थर्मास भरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय, आणि लिहून होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलंय.

आधी घरचं सांगते. आजी बरी आहे. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीला सणाचा पोशाख घालून आली होती. पोशाख आता तिला इतका सैल होतो, की पाठीमागे चार पिना लावाव्या लागल्या. दोन सॉसेज खाल्ले, वर आइस्क्रीम मागितलं, आणि मग विचारलं, सिन्ने याही वर्षी नाही का आली. मी म्हटलं, बर्गनला तिचं काम असतं गं. तर म्हणाली, "मला कमी ऐकू येतं तोरुन, कमी कळत नाही." मी तिच्या पाठीच्या पिना सारख्या करत राहिले. तिच्यापुढे गप्प बसण्याची सवय मला लहानपणापासूनच आहे.

तुला एका माणसाची गोष्ट सांगायचीय. पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नसतं, म्हणून त्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, "लिही की. फक्त मला जरा देखणा लिही."

नाव अर्नफिन. आयुष्यभर फेरीबोटीवर कप्तान होते. एप्रिलमध्ये ऐंशी पूर्ण होणार होती, आणि ऐंशीनंतर गाडी चालवायची तर डॉक्टरचा दाखला लागतो. दाखला अडला, कारण वरच्या पापण्या इतक्या उतरल्या होत्या की अर्धी नजर झाकली जायची. समोरचा माणूस बघायला ते मान मागे टाकायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा फार ताठ आहे. गाडी त्यांना हवी होती ती बायकोसाठी. बोरघिल्ड पुलापलीकडे कार्मोयच्या वृद्धाश्रमात आहे, चार वर्षं. स्मृती जात चाललीय. अर्नफिन रोज तीन वाजता तिच्याजवळ जाऊन बसतात. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागते, आणि रविवारी बसच नाही.

आमच्याकडे, पापण्या उचलून घ्यायला, आले ते फेब्रुवारीत, हातात घडी घातलेला कागद. त्यावर मोठ्या अक्षरांत, आकडे घालून, अकरा प्रश्न. माझं काम तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांच्या आधी मी बोलते, समोरच्यांशी, फोनवाल्यांशी, वेबसाइटवर लिहून विचारणाऱ्यांशीसुद्धा. दुखेल का, किती दिवस टिकेल, मी मीच दिसेन ना, नवऱ्याला कळणार नाही असं करता येईल का. बारा वर्षं झाली, नवा प्रश्न आता क्वचितच येतो. अर्नफिनचेही पहिले दहा तसेच होते. मी जागा असणार का? असणार, फक्त पापण्या बधिर करतात, तासाभराचं काम. टाके? सहाव्या दिवशी. काळंनिळं किती दिवस? दोन आठवडे धरून चाला. बूट घालायला वाकलं तर चालेल का? पहिला आठवडा नको. प्रत्येक उत्तर ते कागदावर लिहून घेत होते, पेन्सिलीने, जीभ दातांत धरून.

मध्येच त्यांची नजर भिंतीवरच्या फिलरच्या चित्राकडे गेली. "हे काय, गालात लांबी भरता?" बोटीच्या फळ्यांमधल्या फटी भरतात ती लांबी. मी हसू दाबून सांगितलं, तशीच पण मऊ, शरीरातच असतो तसा पदार्थ असतो, वर्षभरात बराचसा विरून जातो, आणि नाही आवडला तर बहुतेक वेळा इंजेक्शन देऊन लवकर विरघळवता येतो. ते म्हणाले, "मग आमच्या लांबीपेक्षा बरी. आमची काढायची तर छिन्नी लागायची."

मग अकरावा प्रश्न. तो त्यांनी वाचला नाही, कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं, "बोरघिल्ड मला ओळखेल का?"

तिला आता मुलाचं नाव आठवत नाही, आपण कुठे राहतो ते आठवत नाही. पण दार उघडून अर्नफिन आत आले की ती म्हणते, आलास का. एवढंच उरलंय, आणि ते या चेहऱ्यावर उरलंय. डोळे उघडले आणि चेहरा बदलला तर? आणि ऑपरेशन नाही केलं, तर गाडी नाही, रोज तीन वाजता जाणं नाही. मग आठवड्यातून दोनदा येणारा माणूस ती किती दिवस ओळखणार? दोन्हीकडून तेच भय. वेंके डॉक्टरांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, मी शक्य तितकं कमी काढेन, नजरेवरची झडप उचलायची, बाकी चेहऱ्याला हात लावणार नाही. पण बायकोचं मी सांगू शकत नाही. मग मीही अर्नफिनना तेच सांगितलं, मला माहीत नाही. बारा वर्षांत हे वाक्य मी पेशंटला फार वेळा म्हटलेलं नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं. अकरा, रेघ, "माहीत नाही." मग म्हणाले, "बरं झालं. तू हो म्हणाली असतीस तर मी उठून गेलो असतो."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. टाके निघेपर्यंत ते बोरघिल्डकडे गेले नव्हते; सहाव्या दिवशी टाके काढले. त्यांना अजून गाडी चालवायची परवानगी नव्हती, म्हणून संध्याकाळी मीच पुलापलीकडे सोडायला गेले. हे माझ्या कामात बसत नाही. गाडीत ते सारखे खिडकीबाहेर बघत होते आणि पाट्या मोठ्याने वाचत होते. पेट्रोल पंपाची, मासळीच्या दुकानाची, शाळेची. चार वर्षं त्या रस्त्याने गेलेला माणूस.

बोरघिल्ड खिडकीशी बसली होती, मांडीवर शाल. अर्नफिननी दारातून नेहमीसारखं "मी आलो" म्हटलं. तिने वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच, अगदी सभ्यपणे विचारलं, "तो नेहमीचा आज नाही का आला?"

सिन्ने, मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी त्यांच्याकडे बघूही शकले नाही. त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला, तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "येईल तो. तोवर मी बसलो तर चालेल?" ती म्हणाली, "बसा की. कॉफी घ्या." आणि त्यांनी तिच्याच थर्मासातली कॉफी घेतली, परक्या माणसाने घ्यावी तशी, अर्धाच कप.

परतताना पुलावर मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "हे बघ पोरी, बावन्न वर्षांपूर्वी मी तिला एकदा पटवलं होतं. तेव्हा तर माझ्याकडे सायकलही नव्हती."

ते रोज गेले, आधी बसने, रविवारी टॅक्सी करून. दाखला मिळाला, आणि महिनाअखेरीपासून स्वतः गाडी चालवत गेले. शुक्रवारी तिथे वॅफल असतात, तेव्हा मीही दोनदा गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. काही दिवस ती त्यांना ओळखायचीच नाही. माझा नवरा बोटीवर गेलाय म्हणायची आणि त्याच्याबद्दल सांगत बसायची. किती हळुवार आहे, पण घरात एक खिळा ठोकत नाही. वादळात बोट घेऊन निघाला की ही स्वयंपाकघरात उभी राहायची, बसायची नाही, आणि हे त्याला कधी कळू दिलं नाही. अर्नफिन ऐकत राहायचे. एकदा पार्किंगमध्ये मला म्हणाले, "एवढ्या वर्षांत मला तोंडावर तिने कधीच सांगितलं नसतं हे." डोळे पुसले, मग पापणी सांभाळत पुन्हा पुसले.

एप्रिलच्या मधल्या एका दुपारी तिने हात पुढे केला, त्यांच्या पापणीच्या घडीतल्या बारीक रेषेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अर्नफिन, अरे डोळ्याला काय लागलं?" मी तिथे नव्हते. त्यांनी क्लिनिकला फोन करून सांगितलं. माझ्यासमोर तेव्हा एक बाई हनुवटीच्या चौकशीला बसली होती. तिला सांगितलं, दोन मिनिटं द्या, आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडले. आता कधी ओळखते, कधी नाही. ते म्हणतात, आठवड्यात चार दिवस मी नवरा असतो, तीन दिवस पाहुणा, आणि पाहुण्याला केक मोठा मिळतो.

मी रडले ते फक्त त्यांच्यासाठी नाही. तीन वर्षांपूर्वीचा ईस्टर तू विसरली नसशील. तू बर्गनहून आलीस, ओठांत आणि गालांत फिलर भरून, आणि मी मेंढीच्या मांसाची थाळी टेबलावर ठेवता ठेवता आजीसमोर म्हणाले, "आमच्याकडे असल्या पोरी आल्या तर आम्ही परत पाठवतो." ते खोटंही होतं. आम्ही कुणाला असं परत पाठवत नाही, आधी बसवतो, विचारतो. तू शांतपणे विचारलंस, "क्लिनिकमध्ये प्रत्येकीला तू विचारतेस ना, का आलात म्हणून? मला का नाही विचारलंस?" मी म्हणाले, सॉस थंड होतोय. त्या दिवसापासून आपल्यात वाढदिवसाचे निरोप तेवढे राहिले.

का नाही विचारलं, ते आता सांगू शकते. मला भीती वाटली. त्या ओठांकडे बघून वाटलं, हिला स्वतःत काही कमी वाटत होतं आणि मला, तिच्या आईला, ते दिसलं नाही. दिवसभर लोकांचे चेहरे निरखून बघणारी मी, घरात तुझ्याकडे नीट बघितलंच नाही. ते कबूल करण्यापेक्षा तुला बोल लावणं सोपं होतं. वर त्याच धंद्यावर आपलं घर चालतं, तुझं शिक्षण झालं, हेही मला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं असतं तर तोंड उघडलं नसतं.

मंगळवारी सकाळी वेबसाइटवरचे प्रश्न उघडले, त्यात तिसरा तुझा होता. नावाच्या जागी फक्त एस. वय पंचवीस, बर्गन. खालच्या ओठात डावीकडे वाटाण्याएवढी गाठ, जुन्या फिलरची असावी. विरघळते का, दुखतं का, ओठ पूर्वीसारखे होतील का. आणि शेवटी, "नर्सला आधी कारण सांगावं लागतं का?" बर्गनमध्ये दहा क्लिनिकं असतील आणि तू इथे विचारलंस, हे मला चार वेळा वाचल्यावर कळलं. म्हणून हे पत्र, तुझ्या प्रश्नांचं उत्तर म्हणून. गाठ हाताने तपासल्याशिवाय कुणी खात्रीने सांगू नये, पण नेहमीचं फिलर असेल तर बहुतेक वेळा विरघळतं, कधी दोनदा इंजेक्शन लागतं. जिथे भरून घेतलंस तिथून पदार्थाचं नाव आण. टोचताना झोंबतं, दोन-तीन दिवस सूज येते. गाठ लाल झाली, गरम लागली, दुखायला लागली तर थांबू नकोस, तिथल्याच डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. ओठ अगदी पूर्वीसारखे होतील का, मला माहीत नाही; तुझे जसे होतील तसे मला बघायचे आहेत. कारण सांगावं लागत नाही. इंजेक्शन वेंके डॉक्टर देतील, मी आत नसावं असं वाटत असेल तर बाहेर बसेन, असावं वाटलं तर तुझा हात धरेन. ११ जूनला गुरुवारी दहा वाजताची वेळ तुझ्या नावाने राखून ठेवलीय, वेळ बदलायची असेल तर क्लिनिकला नको, मला फोन कर. आदल्या संध्याकाळच्या बसने आलीस तर मी स्टँडवर असेन. मी जे बोलले त्याबद्दल मला माफ कर, सिन्ने. ते फोनवरही म्हणेन, आणि समोर बसूनही.

तुझ्या फोनची वाट बघणारी, तुझीच
आई