अंबरनाथ ते लेह, व्हाया पालेगाव

११ फेब्रुवारी १९९०, रविवार

आज जीप घेतली. बदलापुरात एका भातगिरणीच्या मागे उभी होती. मिलिटरीच्या लिलावातली, मूळची पेट्रोलवरची. मधल्या कुण्या मालकाने डिझेल इंजिन बसवलंय. ताकद चारही चाकांना. आत कोंबड्या राहत होत्या. गिरणीवाला म्हणाला, अंडी तुमची. उमदा माणूस.

बेत पक्का. पुढच्या जूनमध्ये अंबरनाथ ते लेह, स्वतःच्या गाडीने. मी आणि नीलिमा. लग्नाला सोळा वर्षं झाली. दोघंच असे फक्त माथेरानला गेलो होतो, आणि तेही तिच्या मावशीबरोबर.

नीलिमाला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१२ फेब्रुवारी

सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती. हातातला पेपर पुरा केला, मार्कांची बेरीज केली आणि विचारलं, ठेवणार कुठे? फॅक्टरीच्या कॉलनीत स्कूटरपलीकडे काही लावू देत नाहीत. एवढ्या मोठ्या स्वप्नात तिला पहिली आठवण पार्किंगची झाली. बायका व्यवहारी असतात. अशा माणसाची मोहिमेत गरज असतेच.

१८ फेब्रुवारी, रविवार

जागा मिळाली. आमच्या कॉलनीत भाजी घेऊन येणारी विठा पालेगावची. तिचे यजमान आण्णा यांच्या शेताच्या कडेला आंबा आहे, त्याखाली. टेम्पोला बांधून जीप आणली. आण्णा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि हिला नांगर लावता येईल का म्हणाले. मी समजावलं की ही एक्स्पिडिशन व्हेइकल आहे. ते हां हां म्हणाले आणि सदरा काढून आरशाला अडकवून कामाला गेले.

४ मार्च, रविवार

मेकॅनिक ठरला. उल्हासनगर कॅम्प चारमधला रघु. बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं. दोन महिन्यांत मक्खन करून देतो म्हणाला. एक प्रश्न विचारला नाही. मला अशी आत्मविश्वासाची माणसं आवडतात. आमचं जमणार.

१७ जून, रविवार

इंजिन रघुकडे, बॉडी आण्णांकडे. मध्ये पाच मैल. रघु म्हणतो पावसात काम करू नये, लोखंड दमट होतं. पटलं.

दरम्यान मी मागची बाजू हाती घेतली. सीटा काढल्या. तिथे अंथरूण, स्टोव्ह, पाण्याचे डबे आणि पुस्तकांचा कप्पा येईल. कागदावर डिझाइन फार सुंदर आलंय. नीलिमाला दाखवलं. ती म्हणाली, यात तुम्ही कुठे बसणार? कागद पुन्हा काढायला घेतलाय.

२ डिसेंबर, रविवार

इंजिन बसलं. मोठा दिवस. शेवटी पाच नट आणि एक दातेरी चाक उरलं. मी रघुला विचारलं. तो म्हणाला, कंपनी थोडं जादाच देते साहेब. जुन्या कंपन्यांची दानत वेगळीच.

१३ जानेवारी १९९१, रविवार

बाळला विश्वासात घेऊन सांगितलं. बाळ अकाउंट्समध्ये असतो आणि फॅक्टरीच्या रिक्रिएशन क्लबचा सेक्रेटरी आहे. कुणाला बोलू नकोस म्हटलं. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

१४ जानेवारी

नोटीस बोर्डावर लागलं. ‘आपले परचेस ऑफिसर श्री. गुरुदत्त यांची एकाकी हिमालय मोहीम.’ ‘एकाकी’ हा शब्द बाळचा. नीलिमाला कॉलनीतले लोक विचारतायत की तुम्हाला नेत नाहीत का.

दुपारी जनरल मॅनेजरांनी कॉरिडॉरमध्ये थांबवून हात मिळवला. नऊ वर्षांत ते माझ्याशी फक्त ड्रमच्या झाकणांबद्दल बोललेत. आज म्हणाले, वुई आर प्राउड ऑफ यू. घरी येईपर्यंत तो हात मी खिशात घातला नाही.

म्हणजे आता जायला हवंच.

१९ मे, रविवार

ट्रायल. इंजिन सुरू झालं! ढकलायला आण्णा, त्यांचे दोन भाऊ आणि वाटेवरचा एक पोस्टमन होता. पुढचे गिअर पडत नाहीत. रिव्हर्स मात्र लाजवाब. आण्णांच्या शेताला रिव्हर्समध्ये दोन फेऱ्या मारल्या. विठाचं वाळत घातलेलं कुळीथ दुसऱ्या फेरीत गेलं. मी माफी मागितली, ती झाडू घेऊन गोळा करत राहिली.

डोंगरात मागे येण्याचे प्रसंग फार येतात असं वाचलंय.

जून रद्द. जूनमध्ये तिकडे फार गर्दी असते. सप्टेंबर आदर्श.

१५ ऑगस्ट

आजपासून थंडीचा सराव. पहाटे गार पाण्याने आंघोळ, मग गच्चीवर उघड्या अंगाने पंधरा मिनिटं.

१६ ऑगस्ट

सर्दी. शरीराने प्रतिसाद दिला म्हणायचा.

८ सप्टेंबर, रविवार

गिअर पडले. रघुने शहाडच्या भंगारातून एक गिअरबॉक्स आणला. तो कशाचा आहे ते त्यालाही माहीत नाही, पण बसला. मी स्वतः कल्याण रोडपर्यंत नेऊन आणली. फक्त बंद करायची नाही, असं रघुने बजावलंय. बंद केली की तिचा मूड जातो. लेहपर्यंत बंद न करता कसं जायचं, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. त्याचा हुरूप मोडायचा नव्हता.

२१ सप्टेंबर, शनिवार

कँटीनमध्ये निरोपसमारंभ. शाल, श्रीफळ, थर्मास. जनरल मॅनेजर वीस मिनिटं बोलले. माणसाच्या आत एक शिखर असतं वगैरे. बाळच्या डोळ्यांत पाणी. आल्यावर अनुभवकथन ठेवायचं, हेही तिथेच जाहीर झालं.

नीलिमाला शाळेने रजा दिली नाही. चाचणी परीक्षा. रात्री जेवताना मी म्हटलं, मग पुढे ढकलतो. खरं सांगायचं तर बरंच वाटलं असतं. तिने ताटाकडे बघत म्हटलं, “आता शाल घेतलीत. जा.”

स्वेटर विणून ठेवलाय तिने. मला माहीतच नव्हतं. दोन विणलेत.

२३ सप्टेंबर, सोमवार, सकाळी सात

निघतोय. पुढची नोंद नाशिकला.

त्याच दिवशी, दुपारी

पालेगाव.

फॅक्टरीच्या गेटवर अख्खी पहिली शिफ्ट. हार, नारळ, घोषणा. इंजिन पहाटेपासून चालूच ठेवलं होतं. शानदार निघालो. मागे वळून हात केला. वळण घेतलं, गेट दिसेनासं झालं, आणि जीपच्या पोटातून पितळी भांडी जिन्यावरून गडगडावीत तसा आवाज आला. पांढरा धूर. शांतता. समोर पालेगावचा फाटा.

आण्णा बैल घेऊन त्याच वाटेने येत होते. जुवाला दोर बांधून जीप जोडली. मी स्टिअरिंग धरून बसलो, हार गळ्यात तसाच. उतरल्यावर तो काढून बॉनेटवर ठेवला तर डावीकडच्या बैलाने खाल्ला.

आता आंब्याखाली, तिथेच. घरी जाणं शक्य नाही. कॉलनी फॅक्टरीची. तीन आठवड्यांची रजा, आणि मी पहिल्याच दिवशी जेवायला परत? विठाबरोबर नीलिमाला निरोप पाठवला. इथे बेस कॅम्प करतोय. दोन दिवसांचं काम आहे.

२४ सप्टेंबर

रघु आला. डिझेलचा पंप काढून घेऊन गेला. दोन दिवसांत देतो म्हणाला.

रात्री जीपमध्ये झोपलो. पाय बाहेर राहतात. डिझाइनमध्ये ती चूक होती.

२७ सप्टेंबर

रघु सासुरवाडीला गेला असं कळलं. सासुरवाडी खानदेशात. पंप त्याच्याबरोबर आहे की दुकानात, ते कुणाला माहीत नाही.

वेळ वाया घालवत नाही. अनुभवकथनाची टिपणं काढतोय. लायब्ररीतलं लडाखचं पुस्तक जवळ आहे. रोहतांगला हवा विरळ होते आणि डोकं हलकं होतं असं त्यात आहे. आज उन्हात बसून माझंही झालं. म्हणजे अगदीच खोटं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

नीलिमा आली. उल्हासनगरला बहिणीकडे जाते असं कॉलनीत सांगून, रिक्षाने. डब्यात अळूवडी. पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. बराच वेळ दोघं समोरच्या काचेतून भाताकडे बघत होतो. मग तिने विचारलं, “आज कुठे आहोत आपण?”

मी पुस्तक बघून सांगितलं, केलाँग.

छान आहे, म्हणाली. चप्पल काढून पाय वर घेतले. शाळेत काय चाललंय ते सांगत राहिली, मुख्याध्यापिकेची नक्कल केली. मला ठाऊकच नव्हतं की तिला नक्कल येते. सतरा वर्षांत मी एवढा वेळ कधी तिच्या शेजारी नुसता बसलेलो नाही. समोर रस्ता असता तर मी गाडीकडेच बघत बसलो असतो.

ऊन उतरल्यावर तिने पिशवीतून दुसरा स्वेटर काढला आणि अंगात घातला. पालेगावात, सप्टेंबरात. घाम पुसत म्हणाली, विणला तर आहे, केलाँगला नाही घालायचा तर कुठे? मीही माझा घातला. आण्णा बांधावरून गेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. सभ्य माणूस.

जाताना म्हणाली, कॉलनीतल्या बायका हल्ली माझ्याकडे बघून फार गोड हसतात. मी म्हटलं, आदर.

३ ऑक्टोबर

आण्णा सकाळी येऊन म्हणाले, साहेब, बसून बसून गंज धरेल, विळा घ्या. हळवं भात कापायला आलंय. उंचीवर जाण्याआधी फिटनेस म्हणून घेतला. विठाची एक ओळ पुरी होते तेव्हा माझी निम्मी. तिने मागे वळून माझी उरलेली ओळ कापून टाकली.

रस्ता शेताला लागून आहे आणि सकाळी फॅक्टरीच्या पहिल्या शिफ्टची माणसं सायकलींवरून जातात. घंटी वाजली की मी भातात खाली बसतो. उत्तम आडोसा. कुणाला कल्पनाही नाही.

८ ऑक्टोबर

एक अडचण. भात जसजसं कापतोय तसतसा आडोसा कमी होतोय. आज सकाळी रस्त्याकडेच्या दोनच ओळी उरल्या होत्या. त्यात आडवा पडून राहिलो. सायकली नेहमीपेक्षा हळू जात होत्या असं वाटलं. एकाने घंटी दोनदा वाजवली. बहुतेक साप असावा.

आण्णांना विनंती केली की त्या दोन ओळी राहू द्या. ते म्हणाले, दाणे गळतील. दुपारी मी स्वतःच कापल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

मोहिमेची सांगता. पंप आला नाही. रघुही नाही. पाठीवर सॅक, अंगात स्वेटर, भर दुपारी कॉलनीत चालत शिरलो. बाळने मिठी मारली. गाडी कुठे म्हणून विचारलं, तर सर्व्हिसिंगला टाकलीय म्हटलं. चेहरा असा काळा झालाय की हिमालयाचं ऊन म्हणून कुणीही मानावं. तळहाताला विळ्याचे घट्टे. स्टिअरिंगचे म्हणून सांगितले.

नीलिमाने दार उघडलं आणि मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं विचारलं, प्रवास कसा झाला? आत आल्यावर दार लावून हसत बसली. मग म्हणाली, अनुभवकथन नका देऊ. तब्येतीचं सांगा काहीतरी. मी म्हटलं, लोकांचा विश्वास आहे माझ्यावर. ती हसायची थांबली. उठून चहा टाकला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

अनुभवकथन झालं.

कँटीन भरलेलं. ऑफिसचे लोक पुढे, प्लँटचे मागे, काही उभे. एवढी गर्दी बोनसच्या मीटिंगलाही नव्हती. मी तयारी चोख केली होती. नाशिक, इंदूर, दिल्ली भराभर उरकून रोहतांगला आलो. विरळ हवा. हलकं डोकं. केलाँगवर माझं मला नवल वाटावं इतकं चांगलं बोललो. तिथली शांतता, काचेतून दिसणारं, शेजारी बसलेलं माणूस. इथे जीभ चावली, कारण मोहीम एकाकी होती. पण सगळे इतक्या मन लावून ऐकत होते. कुणी खोकलंही नाही. लेहला पोहोचलो तेव्हा टाळ्या.

बाळने प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. मागून नाथा उठला. प्लँटमध्ये ऑपरेटर आहे, राहणार पालेगाव. टोपी काढून हातात धरली आणि मान खाली घालून, अगदी अदबीने म्हणाला, “साहेब, आण्णांनी विचारलंय, जीप हलवताय का. आंब्याखाली पेंढा रचायचाय.”

कुणी हसलं नाही. दीडशे माणसं आणि एकही हसला नाही. तेव्हा कळलं. बाळ छताकडे बघत होता. जनरल मॅनेजरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, “पुढचा प्रश्न.”

पुढचा प्रश्न नव्हता. नीलिमा बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती. तिने माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली.

मी नाथाला म्हटलं, आण्णांना सांग, जीप राहू दे. पेंढा तिच्यातच भरा.

सीटा काढलेल्या आहेत. पुष्कळ मावेल.