राजपुत्र शतंजय गडावरून निघत का नाही?

२० सप्टेंबर १९८२, सोमवार
‘काजळगडाची माया’, भाग आठवा संपवला. राजपुत्र शतंजयबद्दल माझं मत कायम आहे. मूर्ख माणूस. म्हणे जादूगार धूम्रकेशाच्या कैदेत! दाराला कुलूप नाही, पुढ्यात रोज पंचपक्वान्नं, झोपायला मखमल. आणि हा दर भागात मुठी आवळून ‘येत्या पौर्णिमेला निघतो’ म्हणतो. मी असतो तर पहिल्याच भागात निघालो असतो.
प्रेमिलाला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, नंदनवनच्या खोल्यांचं बाबांना कधी सांगता?
साहित्यावर बोलणं चालू असताना हे काय मध्येच!

२२ सप्टेंबर
आज ऑफिसात काम नव्हतं. शांतपणे situation चा विचार केला. या घरी मी दोन दिवसांसाठी आलो होतो. तेव्हा आमची बेबी व्हायची होती, आता ती दुसरीत आहे. सासरे, म्हणजे मामाजी, संत्र्यांचे दलाल. काटोलचे शेतकरी माल घेऊन आले की मुक्काम इथेच. प्रेमिला दिवसभर शाळेत शिकवते आणि संध्याकाळी त्यांच्या पोळ्या लाटते. बेबी अभ्यासाला जिन्यात बसते. प्रेमिलाच्या शाळेतल्या मीराबाईंकडे नंदनवनात दोन खोल्या रिकाम्या आहेत.
तेव्हा उद्या मामाजींशी स्पष्ट बोलणार. Final.

२३ सप्टेंबर
बोललो नाही. मामाजींना सर्दी झाली आहे. शिवाय अधिक महिना लागलाय, त्यात कोणी घर बदलतं का? प्रेमिलाने हे मीराबाईंना सांगितलं. त्या बौद्ध. म्हणाल्या म्हणे, आमच्यात अधिक महिना नाही वं बाई, तू केव्हाही ये. पण खोल्यांसाठी चार ऑक्टोबरपर्यंतच थांबतील.
लोकांना फार घाई.

२६ सप्टेंबर, रविवार
सदर बाजारातल्या लायब्ररीतून नववा भाग आणला. एका बैठकीत वाचला आणि डोकं फिरलं. शतंजयची बायको तरला त्याला सोडवायला गडावर येते, ‘चला’ म्हणते, वाट पाहते आणि शेवटी उडत्या घोड्यावर बसून एकटीच निघून जाते! अगदीच न पटणारं. लेखकाला संसाराचा अनुभव नसावा.
धूम्रकेश मात्र हल्ली आवडायला लागलाय. जादूगार असला तरी पाहुणचारात कमी करत नाही.

२८ सप्टेंबर
Plan तयार. रविवारी माझं धोंड्याचं जेवण आहे. वाण देताना मामाजी ‘काय पाहिजे’ विचारतातच. तेव्हाच मागून टाकायचं: ‘मामाजी, आम्हाला वेगळं राहायची परवानगी द्या.’ कल्पना प्रेमिलाची, पण वाक्यरचना माझी. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज भारदस्त येतो. शतंजयला हे कधी जमलं नसतं.

३ ऑक्टोबर, रविवार
पाटाभोवती रांगोळी. तेहेतीस अनारशांचं ताट, त्यावर दिवा. सासूबाईंनी ओवाळलं. काटोलचे चौघे भिंतीला टेकून पाहत होते. मामाजी म्हणाले, मांगा रुपराव जवाईबापू, लाजू नका, जे मांगसान ते देतो.
प्रेमिला पुरणाचं पातेलं घेऊन दारात उभी, नजर माझ्यावर. मागे बेबी, तिने दप्तर भरूनच ठेवलेलं. मी घसा साफ केला. सगळे इतके प्रेमाने बघत होते की वाक्य आठवेना. म्हणालो, ‘काजळगडाची माया’चा दहावा भाग.
एकच हशा झाला. मामाजींना गहिवरून आलं. असा साधा जवाई सगळ्या नागपुरात नाही, म्हणाले.
प्रेमिला हसली नाही. पातेलं जड असावं.

४ ऑक्टोबर
ऑफिसातून आलो तर ट्रंक नाही, स्टोव्ह नाही, बेबी नाही. सासूबाईंनी सांगितलं, सकाळी चहा देता देता प्रेमिलाने मामाजींना विचारलं. ते म्हणाले, जाय ना पोरी, मी काहून अडवू? मले तं कोणी कधी बोललंच नाही. आणि स्वतः जाऊन रिक्षा घेऊन आले.
एवढंच! मी इतका homework केला होता.
माझ्यासाठी निरोप आहे, यायचं तेव्हा या. सासूबाईंनी अनारसे पुढे केले. आज खाववले नाहीत.

१० ऑक्टोबर, रविवार
नंदनवनला गेलो. मीराबाईंच्या दारापर्यंत गेलो. आत बेबी पाढे म्हणत होती, चांगली खणखणीत आवाजात. इकडे ती जिन्यात बसून पुटपुटायची. ऐकून भरून आलं. कडी वाजवणार तेवढ्यात आठवलं, मामाजींना न विचारता निघालोय. बरं दिसत नाही. परत आलो.
उद्या विचारतो.

१८ ऑक्टोबर
अधिक संपला. मामाजींनी दहावा भाग आणून दिलाय, उघडला नाही. विचारायचं राहूनच जातंय. संध्याकाळी काटोलचे लोक आले. मामाजींनी गादीवरूनच हाक मारली, रुपराव गा, पाहुणे आले, पाट मांड अन् पाणी भर. पुढे जवाईबापू म्हणतील म्हणून जरा थांबलो. मग पाट मांडले.
सासूबाईंनी विचारलं, पोळ्या लाटता येतात का? नाही म्हणालो.
काही कठीण नाही, म्हणाल्या, शिकवते.